सत्तर अक्षरांचा निरोप

मुद्रितशोधनाचे काम मी ज्यांच्या हाताखाली शिकले, ते छापखान्यातले गृहस्थ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, की वाक्य वाचायचे नाही, शब्दही वाचायचा नाही, अक्षर वाचायचे. वाक्य वाचू लागले की अर्थ पुढे ओढून नेतो आणि डोळा कागदावर जे छापले आहे ते न पाहता जे असायला हवे ते पाहू लागतो. या एका शिकवणीवर मी २२ वर्षे काम केले आहे. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेची स्मरणिका माझ्याकडे तपासायला आली होती. अंक छापून हातात पडला, तेव्हा आतल्या पहिल्याच पानावर मोठ्या ठशात ‘स्मृतिदीन’ असे होते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार, हा भेद आमच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी शेवटचे प्रूफ काढून पाहिले. त्या पानाच्या तळाशी माझी सही होती, आणि ते पान माझ्या डोळ्यांखालून तीनदा गेले होते.

मला कुणी काही बोलले नाही. संस्थेने शुद्धिपत्र जोडून अंक वाटले. मला मात्र ती वेलांटी सोडत नव्हती, कारण घाई हे तिचे कारण नव्हते. काम वेळेत होते, प्रकृती ठीक होती, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला होता. त्या स्मरणिकेचे प्रूफ मी कसे वाचले हे आठवू लागले, तेव्हा ध्यानात आले की प्रूफ टेबलावर डाव्या बाजूला होते आणि फोन उजव्या बाजूला. दर दोन-तीन परिच्छेदांनी हात उजवीकडे जात होता, आणि परत आलेला डोळा तीच चाल घेऊन परत येत होता. फोनवर डोळा वाचत नाही, घसरतो. मथळ्याला अडकतो, चित्राला अडकतो, पुन्हा घसरतो. ती चाल मी कागदावर आणली होती.

पडद्यावरचा मजकूर संपतच नाही, बोट सरकवत राहिले की पुढचे आपोआप येत राहते, ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ मध्ये तयार केली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मला त्याचा खेद अगदी माझ्या धंद्याच्या बाजूने कळतो. छापील मजकुराला थांबे असतात. ओळ संपते, पान संपते, १६ पानांचा फर्मा संपतो, आणि प्रत्येक थांब्यावर डोळा एकदा मागे वळून पाहतो. चूक बहुतेकदा त्या मागे वळण्यातच सापडते. जिथे थांबाच नाही, तिथे मागे वळणेही नाही.

सव्वा वर्षापूर्वी मी साधा, बटणांचा फोन घेतला. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो सिमकार्ड कोणते हा, आणि तो प्रश्न रास्त होता. जिओचे जाळे सुरूच ४जीपासून झाले, त्यावर २जीचा जुना फोन चालतच नाही, कारण तिथे बोलणेही डेटाच्याच वाटेने जाते. त्यामुळे फोन बटणांचा असला तरी त्यात व्होल्टीची, म्हणजे ४जीवरून बोलण्याची, सोय लागते. रिचार्जची मात्र एक अडचण माझ्या आधीच दूर झाली होती. पूर्वी आम्हांला नको असलेल्या इंटरनेटचेही पैसे भरावे लागत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून नुसते बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरते वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली. या निर्णयाची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या आईसारख्या असंख्य माणसांसाठी तो मोठा निर्णय आहे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या पंधरा दिवसांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हात उजवीकडे जात राहिला, तिथे काही नसल्यामुळे परत येत राहिला, आणि हळूहळू जायचा थांबला. हे सर्वांचेच होत असावे. ज्याची मी कल्पना केली नव्हती ते निराळेच होते, आणि ते सुरू झाले एसएमएस लिहिताना.

माझ्या फोनवर मराठीत लिहिता येते. लिहिताना वरच्या कोपऱ्यात एक आकडा उतरत जातो. रोमन लिपीत लिहिले तर तो १६० पासून उतरतो आणि देवनागरीत लिहिले तर ७० पासून. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात म्हणून अशी १६० अक्षरे बसतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणजे २ बाइट लागतात म्हणून ७०. त्यातही फोन अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचे चिन्ह हे सगळे तो स्वतंत्र धरतो. ‘नमस्कार’ हा चार अक्षरांचा शब्द फोनच्या हिशेबी ७ चिन्हांचा आहे आणि ‘ज्ञानेश्वरी’ ११ चिन्हांची. आयुष्यभर वेलांट्या तपासणाऱ्या मला, वेलांटीला एक पूर्ण जागा लागते, तिचे मोल मोजावे लागते, हे पाहून खरोखर आनंद झाला.

आकडा उतरताना दिसला की मनात आपोआप निवड सुरू होते. ‘पोचले. उद्या सकाळी फोन करते.’ हा निरोप २८ चिन्हांत होतो. उरलेल्या ४२ चिन्हांत आणखी एक गोष्ट सांगता येते, पण एकच. मग ती कोणती, याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार ज्याला निरोप जायचा त्याच्याविषयी असतो. आईला औषधाची आठवण करायची, की भाचीचा निकाल लागल्याचे सांगायचे? लहानपणी वडील तारेचा कागद भरताना असेच थांबत असत. तारेत शब्दांवर पैसे पडत, म्हणून ते लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून एखादा शब्द खोडत आणि मग कागद खिडकीत देत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचे दुःख करावे असे नाही, कारण दारात तारवाला दिसला की घरातल्या बायकांच्या पोटात गोळा येई. पण वडिलांचे ते थांबणे मला आता पुन्हा माझ्या हातात सापडले.

या बाबतीत खरी जाणकार माझी आई आहे. ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहते. तिला पहिला फोन आम्ही २००६ मध्ये घेऊन दिला, तो नोकिया ११००. २००३ मध्ये निघालेल्या या फोनचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले, असे पुढे वाचले. आईला त्याचे मोल निराळ्या कारणाने होते. त्याच्या माथ्यावर बॅटरी होती, आणि ते दिवस भारनियमनाचे होते. संध्याकाळी वीज गेली की ती फोनच्या उजेडात गोठ्याकडे जाऊन येई. पुढे दोन फोन बदलले, पण दोन्ही बटणांचेच. मोठा फोन घेऊन देऊ म्हटले की ती म्हणायची, “मला कुणाशी बोलायचं ते या फोनवरून बोलता येतं, मग दुसरा कशाला?” या उत्तराकडे मी कितीतरी वर्षे हट्ट म्हणून पाहिले, याचे आज वाईट वाटते.

आमच्या घरात मिस्ड कॉलची एक भाषा होती. भारतात मोबाइल सुरू झाला १९९५ मध्ये, आणि पहिली काही वर्षे आलेल्या फोनचेही पैसे घेणाऱ्याला भरावे लागत. मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि मग साध्या घरांतही फोन आला. करणाऱ्याचे पैसे मात्र जातच होते. त्यातून न उचलायच्या फोनची ही रीत निघाली असावी. आमच्याकडे एकदा वाजून बंद झाला की ‘निघाले’, दोनदा वाजला की ‘सुखरूप पोचले’, आणि तीनदा वाजला तर ‘सवडीने फोन कर’. चौथी घंटा झाली तर मात्र हातातले काम टाकून उचलायचा. बोलणे कितीही करा, वेगळे पैसे पडत नाहीत असे दिवस आले आणि मी ही भाषा विसरले. आई विसरली नाही. मी बटणांचा फोन घेतल्याचे तिला सांगितले, तेव्हा तिने फार काही विचारले नाही. त्याच आठवड्यात ती साताऱ्याला डॉक्टरांकडे जाऊन आली, आणि दुपारी माझा फोन दोनदा वाजून थांबला.

तिच्याकडे नंबरांची वही आहे, शाळेची, रेघी. तिच्यात नावे आडनावाप्रमाणे लावलेली नाहीत, नात्याप्रमाणे आहेत. माहेरचे एका पानावर, भावकी दुसऱ्या पानावर, दवाखाना, पिठाची गिरणी आणि गॅसवाला शेवटच्या पानावर. जी माणसे गेली त्यांचे नंबर तिने खोडलेले नाहीत, नावापुढे फक्त ‘कै.’ लिहिले आहे. मीही अशी वही केली. करताना कळले, की मला आईचा सोडून एकही नंबर पाठ नव्हता, नवऱ्याचाही नाही, मुलीचाही नाही. आता १४ नंबर पाठ आहेत. पुण्याहून गावी जाताना स्वारगेटला एसटीत बसले की खंबाटकीचा घाट लागेपर्यंत मी ते मनात म्हणत असे.

इथवर जे लिहिले ते मिळाल्याचे आहे. जे गेले तेही तितक्याच नीटपणे लिहिले पाहिजे.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. तिच्या आईच्या हातचे थालीपीठ मी शाळेत असताना किती वेळा खाल्ले असेल त्याची गणती नाही. साधा फोन घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात त्या गेल्या. मला ते नवव्या दिवशी मंडईत, दुसऱ्याच एका ओळखीच्या बाईंकडून कळले. भाजीची पिशवी तशीच घेऊन मी मैत्रिणीकडे गेले. ती माझ्या गळ्यात पडून रडली. नंतर म्हणाली, “अगं, ग्रुपवर टाकलं होतं सगळ्यांना. तू त्यात नाहीस हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.” तिचा काही दोष नव्हता. घरात माणूस गेलेला असताना कुणी यादी घेऊन बसत नाही. पण अंत्यदर्शन मला मिळाले नाही, ही गोष्ट आता भरून येणारी नाही, आणि ती माझ्या निर्णयाची किंमत आहे, हे मी स्वतःपासून लपवत नाही.

त्या रात्री मला एक क्रियापद झोपू देईना. ‘टाकले होते.’ आपण हल्ली सगळेच टाकतो. फोटो टाकतो, पत्रिका टाकतो, पत्ता टाकतो, मरणाची बातमीही टाकतो. पत्र टाकले असे पूर्वीही म्हणत, पण ते पेटीत टाकायचे असे आणि पाकिटावर एका माणसाचे नाव असे. आताचे टाकणे कुणा एकासाठी नसते. ज्याच्या डोळ्यांपुढे येईल त्याचे ते. मराठीत याच्या अगदी उलट बाजूला ‘कळवणे’ हे क्रियापद आहे, आणि ते कुणाला तरी कळवल्याशिवाय पूर्णच होत नाही. टाकणाऱ्याचे काम टाकले की संपते. कळवणाऱ्याचे काम समोरच्याला कळेपर्यंत संपत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या, तेव्हा मला त्या कळवण्याची पावती वाटल्या होत्या. पण ती खूण निरोप उघडला गेल्याची असते, आणि उघडणे आणि कळणे यांत किती अंतर असते, हे ‘स्मृतिदीन’ तीनदा उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या मला तरी नीट ठाऊक असायला हवे होते.

आईच्या दोन घंटा म्हणजे कळवणे. ७० चिन्हांचा निरोप म्हणजे कळवणे. तेवढ्यासाठीच मी हा फोन ठेवला आहे. एकाग्रता, डोळ्यांचे आरोग्य, झोप या सगळ्या गोष्टी त्याच्या मागून आल्या, आणि माझे प्रूफही पुन्हा सुधारले.

परंतु आपला सार्वजनिक व्यवहारही ‘कळवण्या’वरून ‘टाकण्या’वर गेला आहे, आणि इथे प्रश्न माझ्या एकटीचा राहत नाही. आमच्या इमारतीत पाणी येणार नसल्याची सूचना ग्रुपवर येते. फलक जिन्याखाली आहे, पण त्यावरचा शेवटचा कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. मी सेक्रेटरींना विनंती केली, की ग्रुपवर लिहाल ते फलकावरही लावावे. त्यांनी ती मान्य केली. पहिला कागद लागला त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे आजोबा फलकासमोर उभे दिसले. कागदावर लिफ्टच्या दुरुस्तीविषयी होते. ते म्हणाले, “बाळ, हे आता इथे लावतात का? मला वाटलं, हल्ली कळवतच नाहीत.” त्यांच्या वाक्यातला तो शब्द मी तसाच लिहून ठेवला आहे.

पैशांचेही तसेच. मी बहुतेक व्यवहार रोखीने करते, आणि सुट्ट्या पैशांवरून कधी कधी खोळंबा होतो. साध्या फोनवरून पैसे देताच येत नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले, त्यात ठरलेल्या क्रमांकावर फोन लावून, आवाजाच्या सूचना ऐकत बटणे दाबून पैसे पाठवता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची प्रत्येक व्यवहाराची मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये करण्याचा निर्णयही झाला. सोय आहे. पण मी विचारले त्यांतल्या एकाही दुकानदाराने तिचे नाव ऐकले नव्हते, आणि एका बँकेच्या शाखेत मला उत्तर मिळाले, की “मॅडम, ॲप घ्या ना, सोपं आहे.” ज्यांच्यासाठी सोय केली त्यांच्यापर्यंत ती कळवलीच गेली नाही. मला पर्याय आहे. घरी संगणक आहे, प्रुफे ई-मेलने येतात, नवरा आणि मुलगी स्मार्टफोन वापरतात. आईला यातले काही नाही. मी जे निवडले ते तिच्यावर आलेले आहे, हा फरक विसरून साधेपणाचे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते. फोन साधा असलेल्या माणसाचे सरकारी, बँकेचे, दवाखान्याचे कोणतेही काम त्याच फोनवर किंवा समोरासमोर झाले पाहिजे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, तर त्याचा हक्क म्हणून.

घरातही हिशेब आहेच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवरा शांतपणे म्हणाला, “तुझे सगळे निरोप आता माझ्याकडे येतात.” मुलीच्या महाविद्यालयाची सूचना, नातेवाइकांच्या पत्रिका, रिक्षा बोलावणे, सगळे त्याच्यावर गेले होते. माझ्या टेबलावर जी शांतता आली होती, ती त्याच्या फोनवरच्या गलबल्यातून वजा होऊन आलेली होती. मग आम्ही कामे वाटून घेतली. बँकेत आणि वीज कार्यालयात प्रत्यक्ष जाण्याची सगळी कामे माझी झाली. नातेवाइकांना मी स्वतः फोन करून सांगितले, की मला कळवायचे असेल तर मलाच फोन करा. काहींनी केले. बरेच जण अजूनही त्यालाच सांगतात.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा गावाने एकत्र बसून सुरू केली, मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा म्हणून. ही बातमी आली तेव्हा मी ती स्मार्टफोनवरच वाचली होती आणि पुढे सरकले होते. आता तिचा अर्थ मला निराळा लागतो. एकट्याने फोन खाली ठेवला तर तो एकटा बाहेर राहतो. गावाने मिळून ठेवला तर कुणीच बाहेर राहत नाही, आणि त्या दीड तासात कुणाचे काही असेल तर चालत जाऊन दार वाजवावे लागते. माझ्या मैत्रिणीच्या घरी ती वेळ तशी असती, तर माझ्या दारावर कुणीतरी आले असते, असे मनात येऊन जाते.

तिच्या आईचे वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. मैत्रिणीने आठवणींची छोटी पुस्तिका करायची ठरवली आहे, आणि शोधनाचे काम माझ्याकडे दिले आहे. या वेळी तारीख आणि वेळ सांगायला तिने मला फोन केला, आणि सांगून झाल्यावर “लिहून घेतलंस ना?” असे विचारून मगच ठेवला.

आज दुपारी त्या पुस्तिकेचे पहिले प्रूफ घेऊन बसले आहे. थालीपिठाचा उल्लेख दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावरच्या ‘प्रथम स्मृतिदिन’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने अक्षर अक्षर थांबत गेले, आणि ‘दि’च्या वेलांटीशी आले असताना फोन वाजला. एकदा, दोनदा, आणि थांबला. आई घरी पोचली होती. मी पेन्सिल पुन्हा ‘प्र’वर नेली.